सेंद्रिय हापूसला दुप्पट भाव मिळतो तर कोकणातले सगळे बागायतदार सेंद्रिय का करत नाहीत?

देवगड तालुक्यात आमची हापूसची साठ कलमं आहेत, त्यातली वीस मी चार वर्षं रासायनिक औषध न मारता सांभाळतोय, म्हणून सांगतो.

तुम्ही म्हणता तो दुप्पट भाव पुण्या-मुंबईत थेट घरी पेटी पोचवली तरच मिळतो. नवी मुंबईतल्या वाशीच्या घाऊक मार्केटला गेली की तिथे फळाचा आकार, रंग आणि डाग बघतात, पेटीवर सेंद्रिय लिहिलंय का ते कोणी विचारत नाही. मग वाशीला पाठवता कशाला? तर आमच्याकडे बरेचजण पावसाळ्यात दलालाकडून उचल घेतात, त्यातूनच खत, औषधं, बागेतल्या नेपाळी कामगारांचा पगार भागतो, आणि एकदा उचल घेतली की पेट्या त्याच्याच गाळ्यावर जाणार. खरी अडचण ही आहे, लोक उगाच शेतकऱ्याच्या मानसिकतेवर बोलत बसतात.

दुसरं म्हणजे कल्टार, झाडाची पालवी रोखून मोहर आणणारं रासायनिक औषध. हापूस मुळात एक वर्ष धरतो, एक वर्ष सुटी घेतो. जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याभोवती कल्टार घातलं की दरवर्षी आणि लवकर मोहर येतो, आणि पैसे तर फेब्रुवारी-मार्चच्या आंब्यालाच असतात. सेंद्रियमध्ये ते चालत नाही. मी बंद केलं त्या वर्षी वीस कलमांवर सुरुवातीला नुसती पालवी आली, मोहर उशिरा, आधी जिथे पस्तीसेक पेट्या निघायच्या तिथे अकरा निघाल्या, त्याही मे महिन्यात, भाव पडल्यावर.

आणि सेंद्रिय म्हणजे फवारणी नाही असं नसतं हो. मोहराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांसाठी निंबोळी अर्क परत परत मारावा लागतो, म्हणजे मजुरी उलट वाढते, आणि जानेवारीत ढगाळ हवा चार दिवस राहिली तर एवढं करूनही मोहर काळा पडतो. शेणखताचं तर विचारूच नका. गावात गुरंच राहिली नाहीत, टेम्पो घाटावरून मागवावा लागतो. युरियाची ४५ किलोची गोणी सरकारी अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांना मिळते, शेणाच्या टेम्पोला असा बांधलेला दर कुठे आहे?

निर्यातीला चालणारं सर्टिफिकेट हवं तर फळझाडांना तीन वर्षं थांबावं लागतं, त्या काळात खर्च सेंद्रियचा आणि भाव साध्याचा. पीजीएसचं, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांच्या बागा तपासून द्यायचं गटाचं सर्टिफिकेट स्वस्त पडतं पण निदान पाच शेतकरी लागतात, आणि गडग्यापलीकडचा शेजारी रासायनिक औषध फवारतो ते वाऱ्याने आपल्याकडे येतं त्याचं काय करणार?

तरी मी ती वीस कलमं सोडणार नाही, माझी मुलं तिथेच खेळतात. यंदा पुण्याच्या तीन घरांनी पेट्यांचे अर्धे पैसे ऑगस्टमध्येच दिले, त्यातून शेणखत आलं आणि त्या वीस कलमांपुरती उचल घ्यावी लागली नाही. तुम्हालाही असा आंबा खरंच हवा असेल तर एप्रिलमध्ये भाव विचारण्यापेक्षा एखाद्या बागायतदाराशी पावसाळ्यातच बोला. बाकीची चाळीस कलमं मात्र अजून वाशीवरच आहेत.