वाळूवर जायचं म्हणतेस, तर आधी जोडीदार बघ

बाळा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. कॉलेजची इनडोअर टीम सोडून फुलटाइम बीच व्हॉलीबॉल खेळायचंय, घरचे काळजीत, काका तुम्हीच सांगा. सांगतो, पण आवडेलच असं नाही.

तू पुळणीवर ओहोटीला खेळतेस ना, ती ओली घट्ट वाळू, तिथे उडी छान लागते, मी पण त्याच भ्रमात होतो. पहिल्या मोठ्या टूर्नामेंटला ४० सेंटिमीटर खोल मोकळ्या वाळूत उडी मारायला गेलो तर पाय रुतले, बॉल डोक्यावरून गेला आणि तोंडात वाळू. तेव्हा उद्यापासून भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत ये. दुपारी मोजे घाल, लाजू नको, तळपायाला फोड आले की आठवडा गेला. टिप मारायची सवयही मोड. उघड्या हाताच्या बोटांनी हलकेच टाकलेला बॉल इथे फाउल असतो, बोटं मुडपून गाठींनी मारावा लागतो. आणि ब्लॉकला, म्हणजे नेटपाशी अडवताना हाताला, लागलेला बॉल इथे तीनपैकी पहिला टच धरतात म्हणजे उरले दोनच, इनडोअरवाले तिथेच फसतात.

पण हे सगळं जमतं गं. खरा घोळ जोडीदाराचा. कोर्टात दोघीच, बदली खेळाडू नाही, तिचा घोटा मुरगळला की तुझीही टूर्नामेंट संपली. समोरची टीम तर दोघींपैकी जी ढेपाळलीय तिच्यावरच अख्खी मॅच सर्व्हिस टाकते. माझ्यावर एकदा अशीच टाकली, मी एकामागून एक रिसीव्ह घालवले आणि रुसलो, म्हणजे स्वतःवरच, पण राग निघाला माझ्या जोडीदारावर. मग सर्व्हिस आमची, तो नेटला उभा राहून पाठीमागे बोट दाखवतोय, एक बोट म्हणजे लाइन, रेषेलगतचा सरळ फटका, अडवतो, दोन म्हणजे क्रॉस, तिरका फटका, मी बघितलंच नाही, दोघंही लाइनवर आणि क्रॉस मोकळा. परतीच्या एसटीत चार तास आम्ही एक शब्द बोललो नाही.

अमेरिकेची जोडी केरी वॉल्श आणि मिस्टी मे, २००४, २००८, २०१२ सलग तीन ऑलिम्पिक गोल्ड, त्यासुद्धा २०१२ च्या लंडनच्या आधी दोघी मिळून मानसतज्ज्ञाकडे जायच्या, आपसातलं नीट बोलता यावं म्हणून. मग तुला-मला कसली लाज.

आता पैसे. बक्षिसाचे दोन भाग होतात, खर्चाचे कोणी करत नाही. परदेशात सुरुवात करायची तर बीच प्रो टूर, म्हणजे जगभरच्या स्पर्धांची मालिका, तिची खालची पायरी फ्युचर्स, मग चॅलेंज, मग एलिट, आणि खालच्या पायरीवर विमान-हॉटेलचा खर्च बहुतेक आपल्याच खिशातून. २०२५ ला दीवला खेलो इंडिया बीच गेम्स झाले, त्यात आपला खेळ होता, बरं वाटलं, पण त्यावर घर चालत नाही. रेल्वे, पोलीस, कुठलीही स्पोर्ट्स कोट्याची जाहिरात निघाली की बारीक वाच, बीचचं सर्टिफिकेट धरतात का फक्त इनडोअरचं. म्हणून कॉलेजची टीम एवढ्यात सोडू नको, आईला हे एवढं आधी सांग.

रविवारी सहाला ये, तुझ्या जोडीदारालाही घेऊन ये. मी सगळ्या सर्व्हिस तिच्यावरच टाकणारे, बघू तू तिच्याशी काय बोलतेस ते.

काका