जुन्या डेस्कटॉपवर खर्च करावा का?

प्रश्न : मी घरूनच मराठी टंकलेखनाचे आणि शासकीय अर्ज ऑनलाइन भरून देण्याचे काम करतो. माझा डेस्कटॉप २०१४ च्या अखेरीस जुळवून घेतलेला आहे. त्यात इंटेलचा कोअर आय-फाइव्ह ४४६० प्रोसेसर, एच-८१ मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर-थ्री रॅम, १ टीबी हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. तो सुरू व्हायला चार-पाच मिनिटे लागतात आणि ब्राउझरमध्ये तीन-चार पाने उघडली की अडतो. एक दुकानदार चाळीस हजारांचा नवा संच घ्या म्हणतो, तर दुसरा एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) आणि रॅम बसवून सहा हजारांत काम भागेल असे सांगतो. मी काय करावे?
— एक वाचक, कराड

उत्तर : कोणतीही खरेदी ठरवण्यापूर्वी संगणक नेमका कशापायी अडतो आहे, हे आपण स्वतः पाहून घ्यावे. ऐन कामाच्या वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांपैकी कोणाचा आकडा शंभर टक्क्यांना टेकतो ते पाहावे. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून मला वाटते की प्रोसेसर निवांत असेल आणि डिस्क व मेमरी भरून वाहत असतील.

याचे कारण हार्ड डिस्कच्या रचनेत आहे. तिची तबकडी साधारणपणे मिनिटाला ७,२०० फेरे घेते. वाचणारे टोक योग्य जागी सरकायला सुमारे ८-९ मिलिसेकंद आणि हवी ती नोंद त्याच्याखाली फिरून यायला सरासरी आणखी ४ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे विखुरलेल्या लहान नोंदी वाचताना ती सेकंदाला शंभराच्या पुढे फारशी जात नाही, आणि विंडोज सुरू होताना तर अशा हजारो नोंदी वाचाव्या लागतात. त्यात रॅम अपुरी पडली की विंडोज तिच्यातला काही भार याच डिस्कवर टाकते. एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने हा खोळंबा उरत नाही. म्हणून आपल्या बाबतीत दुसऱ्या दुकानदाराचा सल्ला मला अधिक रास्त वाटतो.

मात्र तो पाळताना एक पथ्य सांभाळावे : पुढच्या संगणकात नेता येईल अशाच वस्तूवर मोठी रक्कम घालावी. साधी साटा एसएसडी (हार्ड डिस्कसारखीच साटा केबलने जोडली जाणारी) नव्या संगणकातही बसते. डीडीआर-थ्री रॅम मात्र नव्या मदरबोर्डवर बसत नाही, तेव्हा ती चालू स्थितीतली जुनी, तपासून घेतलेली घ्यावी. आपल्या बोर्डाला रॅमसाठी दोनच खाचा आहेत आणि एकूण ८ जीबी आपल्या कामाला पुरेल. याच सॉकेटचा, म्हणजे याच बोर्डावर बसणारा, अधिक वेगवान जुना प्रोसेसर कोणी सुचवला तर नम्रपणे नकार द्यावा, कारण तोही नव्या संगणकात नेता येणार नाही. एसएसडी बसवताना ती ६ गिगाबिटच्या साटा पोर्टला जोडली आहे याची खात्री करावी, कारण एच-८१ बोर्डांवर जलद आणि संथ असे दोन्ही प्रकारचे पोर्ट असतात. अकरा वर्षे चाललेल्या एसएमपीएसचा (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) पंखा कुरकुरत असेल किंवा संगणक आपोआप बंद होत असेल, तर आधी एसएमपीएस बदलावा.

आता अवघड भागाकडे येतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती संगणकांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळतात. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि, इंटेलचा प्रोसेसर असल्यास, साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर हवा असतो. आपला चौथ्या पिढीचा आहे आणि कितीही रॅम घातली तरी ही अट पूर्ण होणार नाही. आडवाटेने विंडोज ११ बसवून देणारे भेटतील, पण ज्या संगणकावर लोकांची आधारपत्रे आणि बँक पासबुके उघडली जातात, त्यावर असा प्रयोग करू नये, असे मी कळकळीने सांगतो.

विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत प्रणालीचा पर्याय खरोखर विचारात घ्यावा. तो पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता चालवून पाहता येतो. त्यात आपला प्रिंटर, स्कॅनर आणि युनिकोड मराठी टंकलेखन तपासावे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन किंवा हार्डवेअर लॉकवर चालणारे जुने मराठी फॉन्टचे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर तिथेच अडण्याची शक्यता अधिक आहे. तसे झाले तर एसएसडी आत्ता घ्यावी, रॅमवर अगदी थोडा खर्च करावा आणि सुरक्षा अद्यतने थांबण्याआधी नव्या संचाची तजवीज करावी.

एसएसडी बसवण्याआधी सर्व फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी. जुनी हार्ड डिस्क साठ्यासाठी वापरता येईल. ती विकायची किंवा भंगारात द्यायची झाल्यास मात्र पूर्ण डिस्कवर नव्याने लिहून पुसणाऱ्या प्रोग्रामने आधी साफ करावी, कारण डिलीट केलेल्या किंवा झटपट फॉरमॅट केलेल्या डिस्कवरून आपल्या ग्राहकांची कागदपत्रे परत काढता येतात.