मे महिन्यात आयोडिनचे अणू मोजताना

ब्रह्मपुरीच्या उन्हाळ्यात हा प्रयोग लावतोयस, म्हणजे प्रकाशाच्या झोताने आयोडिनचे रेणू फोडून सुटे अणू पुन्हा किती वेगाने जुळतात ते मोजतोयस, तर आधी आयोडिनच्या स्फटिकांची बाजूची नळी स्थिर तापमानाच्या पाण्यात बुडव. २५ अंशांना आयोडिनचा बाष्पदाब सुमारे ०.३ मिलिमीटर पारा, ४० अंशांना तिपटीहून जास्त. हे महत्त्वाचं का? दोन अणू भिडले तरी जादा ऊर्जा न्यायला तिसरा कण लागतो, नाहीतर ते पुन्हा सुटतात. आर्गॉन हा निष्क्रिय वायू ते काम बेताने करतो. आयोडिनचा रेणू त्याहून कितीतरी जोरात. म्हणून आर्गॉन भरपूर, आयोडिन नावापुरतं.

मग फ्लॅश मार, अणू जुळून रेणू होतील तसं ५०० नॅनोमीटरच्या आसपास त्यांचं प्रकाशाचं शोषण कसं परततं ते टिप. अणूंच्या संहतीचा व्यस्त (१ भागिले संहती) काळासमोर मांड, सरळ रेघ यायला हवी. आर्गॉनचा दाब बदलून बघच, बाबू. आणि तापवल्यावर अणू जुळण्याचा वेग घटला तर घाबरू नकोस, तेच बरोबर आहे.