आई-वडील भारतातून आले आहेत. आयुष्यभर क्रिकेट पाहिलेल्या माणसांना बेसबॉल कळेल का? त्यांना टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या नव्या बेसबॉल मैदानावर सामना पाहायला न्यावे का, आणि तिकिटे कुठली घ्यावीत?

तुमच्या प्रश्नात ‘आयुष्यभर क्रिकेट पाहिलेल्या माणसांना बेसबॉल कळेल का’ असे एक वाक्य आहे आणि खरे तर त्या एका वाक्यासाठीच मी हे उत्तर लिहायला बसलो आहे. कळते. अवश्य न्या. तिकिटांचे पुढे सांगतो.

२०२४ च्या उन्हाळ्यात माझे आई-वडील सांगलीहून आमच्याकडे डॅलसला आले होते. ग्लोब लाइफ फील्डवर, म्हणजे आर्लिंग्टनच्या याच नव्या मैदानावर, जायचे ठरले, तेव्हा ह्यूस्टनला राहणारे माझे मेहुणे फोनवर म्हणाले, “दाजी, अण्णांना त्यातले काय कळणार? तिकिटांचे पैसे घालवण्यापेक्षा देवळात न्या.” हे बोलणे मला लागले, कारण पाटबंधारे खात्यातली नोकरी सांभाळून अण्णांनी जवळजवळ तीस वर्षे रविवारच्या सामन्यांचा स्कोअर लिहिला आहे. फलंदाजांच्या आणि गोलंदाजांच्या रकान्यांचा ताळा जमल्याखेरीज ते मैदान सोडत नसत. एका लेगबायसाठी आम्ही घरी जेवायचे थांबलेलो मला आठवते. अशा माणसाला एखादा खेळ ‘कळणार नाही’ असे परस्पर ठरवून टाकणे हा उर्मटपणा आहे, असे मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो.

जाण्यापूर्वी मी त्यांना एवढेच सांगितले की, बेसबॉलचा धावफलक कागदावर मांडण्याची पद्धत रूढ करणारे हेन्री चॅडविक हे मूळचे इंग्लंडचे, आणि बेसबॉलकडे वळण्यापूर्वी ते न्यूयॉर्कमध्ये क्रिकेटची वार्तापत्रे लिहीत असत. अण्णांनी काहीही न बोलता माझ्याकडून रिकाम्या स्कोअरकार्डाचे दोन कागद छापून घेतले आणि पेन्सिलीला टोक काढले.

नऊपैकी पहिले तीन डाव त्यांची चिडचिड झाली. यष्टीमागे गेलेला चेंडू फाउल (हद्दीबाहेरचा) ठरतो, म्हणजे लेट कटला इथे काडीचीही किंमत नाही, हे त्यांना अजिबात पटले नाही. फाउल चेंडूचा झेल घेतला तर फलंदाज बाद होतो, हे तर त्याहून पटले नाही. एका दुहेरी बळीनंतर (एकाच फटक्यावर दोघे बाद) शेजारच्या आजोबांनी त्यांच्या कागदावर ‘६-४-३’ असे लिहिले, ते पाहून अण्णांनी मला विचारले, “एवढ्या धावा कुठून झाल्या?” ते आजोबा टेक्सासचेच होते आणि तेही पेन्सिलीने स्कोअर लिहीत होते. ते आकडे धावांचे नसून क्षेत्ररक्षकांच्या जागांचे आहेत, चेंडू शॉर्टस्टॉपकडून (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडून) दुसऱ्या बेसवर आणि तिथून पहिल्या बेसवर गेला, हे त्यांनी बोट ठेवून दाखवले. बॅट फिरवून चुकल्याने बाद झालेल्या फलंदाजापुढे सरळ ‘के’ आणि नुसताच पाहत उभा राहून बाद झालेल्यापुढे उलटा ‘के’ काढतात, हे समजले तेव्हा अण्णा खूश झाले. “आपल्याकडेही अशी खूण हवी होती, सोडून दिलेल्या चेंडूवर त्रिफळा उडालेल्यांसाठी.” सीमारेषा वेडीवाकडी का, हे विचारल्यावर आजोबांनी हिशेब सांगितला: डावीकडे ३२९ फूट आहे ते इथल्या टेक्सास रेंजर्स संघाच्या एड्रियन बेल्त्रेच्या २९ क्रमांकासाठी, मध्यभागी ४०७ फूट आहे ते त्याच संघाच्या इव्हान रॉड्रिगेझच्या ७ साठी, आणि होम प्लेटच्या (फलंदाजाच्या जागेच्या) मागची भिंत ४२ फुटांवर आहे ती बेसबॉलमधली वर्णबंदी मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनच्या ४२ क्रमांकासाठी. अण्णांनी हे सगळे कागदाच्या समासात टिपून घेतले.

सामना संपल्यावर लोक उठले, पण अण्णा उठेनात. त्यांनी खेळायला आलेले सगळे फलंदाज मोजले. मग धावा, बाद झालेले आणि बेसवर अडकून राहिलेले यांची बेरीज केली. दोन्ही आकडे जुळले. मान वर न करता ते म्हणाले, “ताळा जमला.” ही युक्ती त्यांना कोणीही सांगितलेली नव्हती. त्या कागदाचा फोटो मी त्याच रात्री मेहुण्यांना पाठवला. त्यावर उत्तर म्हणून अंगठा आला.

आता तुमच्या तिकिटांविषयी. ज्येष्ठ माणसे बरोबर असतील तर खालच्या मजल्यावर, पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या बाजूला बसावे. वरच्या मजल्याच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. आर्लिंग्टनमध्ये नेहमीची शहर बससेवा नाही, त्यामुळे गाडीनेच जावे लागते आणि पार्किंगचे पैसे आधीच भरून ठेवलेले बरे. नव्या मैदानाला छत आहे, त्यामुळे ‘छताखालचे बेसबॉल म्हणजे बेसबॉलच नव्हे’ असे म्हणणारे भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. पलीकडचे जुने उघडे मैदान १९९४ मध्ये सुरू झाले आणि पंचवीस-सव्वीस वर्षांतच संघ तिथून हलला, याचे मुख्य कारण तिथला उन्हाळा होता. शिवाय २०२३ पासून पिचरला (चेंडू फेकणाऱ्याला) घड्याळ लावल्यामुळे सामना साधारण पावणेतीन तासांत आटोपतो. एक दिवस राखून शेजारच्या ग्रँड प्रेरीचे क्रिकेट मैदानही दाखवा. ते पूर्वी बेसबॉलचेच मैदान होते आणि २०२४ च्या विश्वचषकात अमेरिकेने पाकिस्तानला हरवले ते तिथेच. सुपर ओव्हर आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने टाकली होती.

दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. आत वातानुकूलन इतके असते की बाहेर रणरणते ऊन असूनही अण्णांनी स्वेटर काढला नाही, आणि कर्ण्यांच्या आवाजामुळे त्यांना कानातले यंत्र बंद करावे लागले. दुसरे असे की आई चौथ्या डावातच कंटाळली. ती नातवाला घेऊन मैदानाला फेऱ्या मारत राहिली, सहाव्या डावाच्या सुमारास पडद्यावरच्या ठिपक्यांची शर्यत तेवढी तिने पाहिली, आणि परतताना गाडीत म्हणाली, “देवळात गेलो असतो तरी चालले असते.” हे मी मेहुण्यांना अजून कळवलेले नाही.