बांबेर्गा पहिल्यांदाच शोधताय?

अरे वा, सुरुवातीलाच ३२४ बांबेर्गा हा लघुग्रह निवडलात, मस्त! पण आधी तो आत्ता सूर्यापासून किती लांब आहे ते बघा. कक्षा भलतीच लंबगोल आहे, १.८ ते ३.६ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), त्यात पृष्ठभाग कोळशासारखा काळा, म्हणून सव्वादोनशे किमीच्या आसपासचा असूनही लांब असताना छोट्या दुर्बिणीत हाती काही लागत नाही. सप्टेंबर २०१३मध्ये मॅग्निट्यूड (तेजाचा आकडा, जितका लहान तितकं जास्त तेज) ८ पर्यंत उजळला होता, बायनॉक्युलरमधून दिसण्याइतका, तशी संधी आता २०३५ला.

नवीन लोकांच्या नेहमीच्या चुका:
- गोल तबकडी शोधतात. दिसतो फक्त ताऱ्यासारखा ठिपका.
- एकाच रात्रीत "सापडला" म्हणतात. आजूबाजूचे तारे कागदावर काढा, दुसऱ्या रात्री परत बघा, जो सरकला तो आपला.

लाइटकर्व्ह (तेज वेळेनुसार कसं बदलतं त्याचा आलेख) वगैरे नंतर, आधी ठिपका सापडू दे.