जुन्या हॉलिवूड ॲक्शनपटांत सगळ्या वंशांचे लोक असायचे आणि कोणी तक्रार करत नसे. मग विविधतेवरून आताच एवढा वाद का?

तुमच्या म्हणण्यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसरा मात्र अजिबात खरा नाही.

१९८७ चा 'प्रिडेटर' घ्या. अरनॉल्ड श्वार्झनेगरच्या तुकडीत कार्ल वेदर्स आणि बिल ड्यूक हे दोन कृष्णवर्णीय नट, शिवाय सनी लँडहॅम हा अमेरिकेतल्या मूलनिवासी वंशाचा. 'काळा माणूस आधी मरतो' असं लोक सरसकट म्हणतात, पण या तुकडीतले पहिले दोन बळी गोरे आहेत. शेवटी अरनॉल्डबरोबर हेलिकॉप्टरमध्ये जिवंत बसलेली दिसते ती मेक्सिकोची एल्पीडिया कारियो. तरीही लँडहॅमच्या बिलीकडे नीट बघा. झाडीत काहीतरी आहे हे त्याला आतूनच कळतं. मूलनिवासी म्हटला की त्याला गूढ शक्ती असणारच, हा जुन्या वेस्टर्नपटांचा साचा इथेही सुटलेला नाही.

त्याच वर्षीचा 'लीथल वेपन' मला जास्त मोलाचा वाटतो. त्यातल्या दोन नायकांपैकी एक, मर्टॉ, काळा असावा असं पटकथेत नव्हतं. कलाकार निवडणाऱ्या मॅरियन डोअर्टी यांनी डॅनी ग्लोव्हरचं नाव सुचवलं. त्यामुळे काय झालं बघा: घर, बायको, तीन मुलं, दारात बोट, पन्नाशीचा वाढदिवस, हे सगळं काळ्या नायकाच्या वाट्याला आलं, आणि जिवावर उदार झालेला, समुद्रकिनारी ट्रेलरमध्ये एकटा राहणारा त्याचा साथीदार गोरा. नुसते वेगळे चेहरे भरण्यापेक्षा ही गोष्ट फार मोठी आहे.

उलट 'एलियन्स' (१९८६) मधली व्हास्क्वेझ. पडद्यावरच्या सर्वांत धीट लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) सैनिकांपैकी एक, पण ती साकारली ज्यू अभिनेत्री जेनेट गोल्डस्टीनने, कातडी गडद रंगवून आणि डोळ्यांत काळ्या लेन्स घालून. तिचं काम उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच चित्रपटातल्या सार्जंट एपोनच्या भूमिकेसाठी व्हिएतनाममध्ये मरीन म्हणून लढलेला अल मॅथ्यूज सापडतो आणि व्हास्क्वेझसाठी लॅटिना अभिनेत्री सापडत नाही, हे मला पटत नाही.

आता तक्रारींबद्दल. त्या होत्या, आपल्यापर्यंत पोचल्या नाहीत, कारण केबलवर आपल्याकडे फक्त सिनेमा आला. १९८५ मध्ये 'इयर ऑफ द ड्रॅगन'विरुद्ध चिनी-अमेरिकन लोक रस्त्यावर उतरले आणि स्टुडिओला चित्रपटाच्या सुरुवातीला खुलासा जोडावा लागला. १९९४ मध्ये 'ट्रू लाइज'मधल्या अरबांच्या चित्रणाविरुद्ध अरब-अमेरिकन संघटनांनी निदर्शनं केली.

आणि सर्वांत जवळचं उदाहरण तर आपलंच आहे. 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम' (१९८४) ची पटकथा वाचून भारत सरकारने बदल मागितले, निर्मात्यांना ते मान्य नव्हते, म्हणून बाहेरचं बरंचसं चित्रीकरण श्रीलंकेत कँडीजवळ झालं. भारतातलं म्हणून दाखवलेल्या गावातली माणसं सिंहली बोलतात! अमरीश पुरींसारखा मुंबईच्या रंगभूमीवर घडलेला ताकदीचा नट घेतला, तोही काय करायला, तर कालीपुढे जिवंत माणसाचं काळीज उपटायला. राजवाड्यातल्या पंगतीत जिवंत साप आणि माकडाचा मेंदू वाढलेला. अमेरिकेत वाढलेल्या अनेक भारतीयांनी सांगितलंय की या एका प्रसंगामुळे शाळेत 'तुम्ही घरी माकडाचा मेंदू खाता का' असं त्यांना विचारलं जायचं. त्या मुलांना राग आलाच होता, पण तो छापणार कोण?

त्याच चित्रपटातला इंडियानाचा छोटा साथीदार शॉर्ट राउंड आठवतो? तो पोरगा म्हणजे के ह्वी क्वान. पुढच्या वर्षी 'द गूनीज'मध्येही तो होता. मोठा झाल्यावर मात्र आशियाई नटाला मिळणाऱ्या भूमिका इतक्या थोड्या की त्याने अभिनय सोडला आणि स्टंट बसवण्याचं काम धरलं. २०२३ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं, पडद्यावर परतल्यानंतर. आताच वाद का, याचं माझं उत्तर हेच, की ज्यांची उमेदीची वर्षं अशी वाया गेली ते लोक आता बोलतायत आणि त्यांचं बोलणं आपल्यापर्यंत पोचतंय.