एएमईच्या मॉड्यूल परीक्षेसाठी प्रश्नपेढ्या पाठ केल्या, तरी ७५ टक्के का पडत नाहीत?

तुम्ही विचारलंय की मुंबईत एएमईचा, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचा, कोर्स पूर्ण झालाय, दिवसा नोकरी आहे, डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) मॉड्यूल ७ (देखभालीच्या पद्धती) आणि मॉड्यूल १० (विमान वाहतुकीचे कायदे) दोन्ही दोनदा गेलेत, आणि प्रश्नपेढ्या तर तोंडपाठ आहेत. मग चुकतंय कुठे? मी सांताक्रूझच्या एका हँगरमध्ये बी१.१ लायसन्सवर (टर्बाइन इंजिनाच्या विमानांच्या देखभालीचं) काम करतो. मॉड्यूल ७ माझंही एकदा गेलं होतं. पास व्हायला ८० प्रश्नांत ६० बरोबर लागतात, माझे ५८ आले. त्या दोन मार्कांनी मला अभ्यास कसा करायचा ते शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चुकलेल्यांपैकी एक प्रश्न अजून डोळ्यांसमोर आहे. टॉर्क रेंचला (ठरवलेल्या पिळापर्यंतच नट आवळणाऱ्या पान्याला) पुढे जोडतुकडा, म्हणजे एक्स्टेन्शन, लावलं तर सेटिंग वाढवायचं की कमी करायचं? आमच्या वर्गात फिरणाऱ्या झेरॉक्समध्ये ‘वाढवायचं’ छापलेलं होतं आणि मी तेच पाठ केलं होतं. निकाल लागला त्या आठवड्यात नाइट शिफ्टला कोकणातले एक सीनियर होते. त्यांनी माझ्या हातात १० इंची रेंच दिला, पुढे अडीच इंचाचं एक्स्टेन्शन सरळ रेषेत लावलं आणि विचारलं, “नटवर १०० इंच-पौंड बसायला हवेत. सेटिंग किती करशील?” मी म्हटलं, “सव्वाशे.” त्यांनी एका खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर पेनने आकृती काढली.

हाताच्या पकडीपासून रेंचच्या डोक्यापर्यंत १० इंच. डोक्याशी १०० इंच-पौंड झाले की रेंच क्लिक करतो, म्हणजे तेव्हा आपण १० पौंड जोर लावलेला असतो. पण नट आता पकडीपासून साडेबारा इंचांवर आहे. त्याच १० पौंडांचे नटवर १२५ होतात. नटवर १००च हवे असतील तर जोर ८ पौंड, म्हणजे सेटिंग ८०. “आता हेच काटकोनात लाव,” ते म्हणाले. काटकोनात अंतर वाढत नाही, त्यामुळे सेटिंग शंभरच. एवढं समजायला पाच मिनिटं लागली, आणि त्यानंतर या विषयावरचा प्रश्न कसाही फिरवून आला तरी माझा चुकला नाही.

प्रश्नपेढीची अडचण हीच आहे. ती उत्तर देते, कारण देत नाही, आणि परीक्षेत प्रश्न किंचित फिरवला की पाठांतर कोसळतं. ती फेकून द्या असं मी म्हणत नाही, पण उलटी वापरा. दिवसाला तीसच प्रश्न घ्या. बरोबर पर्यायावर खूण करून पुढे जाऊ नका. बाकीचे पर्याय का चूक आहेत ते वहीत एकेका ओळीत लिहा, आणि मराठीत लिहा. प्रश्न इंग्रजीतच वाचायचा, कारण पेपर इंग्रजीत असतो, पण कारण स्वतःच्या भाषेत लिहिता आलं नाही तर ते समजलेलं नाही असं धरून चाला. मी अशा तीन वह्या भरल्या. जिथे ओळ लिहिता येत नव्हती तेवढाच धडा पुस्तकातून पुन्हा वाचला. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाची, म्हणजे एफएएची, जनरल, एअरफ्रेम आणि पॉवरप्लांट ही हँडबुकं फुकट उतरवून घेता येतात. मॉड्यूल ७ साठी जनरलमधले हत्यारं, मोजमाप आणि हार्डवेअर यांवरचे धडे फार चांगले आहेत, चित्रांसकट.

मॉड्यूल १० चं दुखणं वेगळं. इथे जुन्या नोट्स घात करतात. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू झालाय. तुमच्या नोट्समध्ये पहिल्याच पानावर १९३४ असेल तर पुढची पानंही तपासून घ्या. सीएआर-६६ (लायसन्सचे नियम), सीएआर-१४५ (देखभाल संस्थांचे) आणि सीएआर-एम (विमान उड्डाणयोग्य ठेवण्याचे) डीजीसीएच्या संकेतस्थळावरून काढा आणि मूळ मजकूर वाचा, कोणी केलेला सारांश नको. वाचताना ‘शॅल’ आणि ‘मे’ या दोन शब्दांभोवती पेन्सिलीने गोल करा. एक बंधनकारक, दुसरा मुभा देणारा. कायद्याचा प्रश्न बऱ्याचदा एवढ्या एका शब्दावर उभा असतो. कुठलं काम कोण सर्टिफाय करू शकतो, ए, बी१, बी२ आणि सी या लायसन्सच्या वर्गांच्या अधिकारांत फरक काय, हे सीएआर-६६ मधून कोष्टक करून लिहून काढा. उद्या तुम्ही विमान उड्डाणाला सोडण्याच्या कागदावर, म्हणजे रिलीजवर, सही करणार आहात, ती कोणत्या अधिकाराने, हे त्या कोष्टकात आहे.

मॉड्यूल ९, म्हणजे ह्यूमन फॅक्टर्स (माणसाच्या चुका कशा होतात ते), तुम्ही विचारलं नाहीत, पण ते ‘सोपं आहे’ म्हणून शेवटच्या रात्रीवर टाकू नका. १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हनची पुढची काच १७ हजार फुटांवर उडाली आणि कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. आदल्या दिवशी पहाटे ती काच बदलली होती. ९० बोल्टपैकी ८४ कमी व्यासाचे निघाले. रात्रपाळीत जुना बोल्ट शेजारी धरून नजरेने नवा जुळवला होता, पार्ट्स कॅटलॉग उघडला नव्हता. कॅप्टन आणि सगळे प्रवासी वाचले. ही घटना मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो, कारण रात्री तीन वाजता ‘तोच दिसतोय’ हे वाक्य आमच्याही तोंडावर येतं. ह्यूमन फॅक्टर्सचा अर्धा अभ्यासक्रम या एका रात्रीत सापडतो.

आता वेळेचं. परीक्षेत एका प्रश्नाला सरासरी ७५ सेकंद मिळतात, निगेटिव्ह मार्किंग नसतं, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. मी डोंबिवलीहून यायचो. गाडी सुटली की फोनवर २५ मिनिटांचा गजर लावून २० प्रश्न सोडवायचे, साधारण ठाण्याच्या आसपास गजर व्हायचा. पुढे घाटकोपरपर्यंत फक्त चुकलेले बघायचे, मग मेट्रो. गर्दीत वही उघडता येत नाही, पण उभ्याउभ्या मनात कारण सांगता येतं. घरी शांत टेबलावर मिळालेल्या दोन तासांत मात्र प्रश्न सोडवू नका, ते तास पुस्तकासाठी ठेवा.

आणि दोन्ही मॉड्यूल एकाच सेशनला भरू नका. नोकरी सांभाळून आधी ७ काढा, कारण त्यातलं बरंच हाताने करून बघता येतं. जिथे कामाला आहात तिथे एखाद्या सीनियरला विचारून सेफ्टी वायर, मायक्रोमीटर, व्हर्निअर स्वतः वापरा. सुरुवात आज रात्री करा: १२ इंची रेंच, सरळ रेषेत ३ इंचाचं एक्स्टेन्शन, नटवर १५० इंच-पौंड हवेत. सूत्र न आठवता, जोर आणि अंतर यांवरून सेटिंग काढा. १२० यायला हवं. नाही आलं तर एक पुठ्ठा घ्या आणि आकृती काढा.